‘रेस्टिट्यूशन’ला नुकसानभरपाई म्हणू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे. अपिलाच्या एका इंग्रजी निकालाचं मराठी भाषांतर करताना तुम्ही ‘रेस्टिट्यूशन’ला ‘नुकसानभरपाई’ लिहिलंत. वकिलांनी तो शब्द खोडून कागद परत पाठवला, पण दुसरा शब्द काही सुचवला नाही. ते वाक्य तुम्ही मला पाठवलंय. आता तुम्हाला विचारायचंय की नेमका शब्द कोणता, ‘रेस्टोरेशन’ आणि ‘रेस्टिट्यूशन’ यांत फरक काय, आणि ‘टू रेस्टिट्यूट’ असं क्रियापद चालतं का.

वकिलांनी खोडलं ते बरोबरच केलं. न्यायालयीन भाषांतराचं काम मी पंचवीसेक वर्षं करतोय आणि ही चूक मी स्वतः केलेली आहे. एका भाडेकरूच्या अर्जाच्या मराठी प्रतीत मी बिनधास्त ‘नुकसानभरपाई मिळावी’ लिहून टाकलं. समोरच्या वकिलांनी तोच कागद पुढे केला आणि म्हणाले, साहेब, अर्जदाराला गाळा नकोच आहे, तो तर पैसेच मागतोय. कोर्टाने मूळ इंग्रजी अर्ज पाहिला म्हणून निभावलं, पण एक तारीख गेली आणि अशिलाच्या नजरेतून मी उतरलो. त्या दिवसापासून हा शब्द दिसला की मी आधी एकच विचारतो: इथे परत काय जाणार आहे?

शब्दाच्या पोटात शिरू. लॅटिन ‘रेस्टिट्युएरे’ म्हणजे ‘रे’ अधिक ‘स्टाट्युएरे’. ‘रे’ म्हणजे पुन्हा, मागे. ‘स्टाट्युएरे’ म्हणजे उभं करणं, बसवणं. या ‘स्टा’चं आणि आपल्या ‘स्था’चं मूळ एकच, त्यामुळे अक्षरशः पाहिलं तर ‘पुनःस्थापन’ हा अर्थ घरबसल्या मिळतो. याच घरातली भावंडं म्हणजे स्टॅच्यू, स्टॅट्यूट, इन्स्टिट्यूट, कॉन्स्टिट्यूशन. ‘डेस्टिट्यूट’ही त्यातलाच. आपण त्याला ‘निराधार’ म्हणतो, म्हणजे ज्याचा उभं राहायचा आधारच गेला तो. ही भावंडं लक्षात ठेवली की रेस्टिट्यूशनमध्ये मुख्य कल्पना पैशाची नसून जागेची आहे, हे विसरायला होत नाही. जे हललं ते मूळ ठिकाणी बसवायचं. रोमन कायद्यात ‘रेस्टिट्युशिओ इन इंटेग्रम’ नावाचा उपायच होता. पंचवीस वर्षांखालच्या माणसाने अजाणतेपणी तोट्याचा व्यवहार केला, तर प्रेटर, म्हणजे तिथला न्यायदान करणारा अधिकारी, तो बाजूला सारून त्याला पूर्ववत स्थितीत आणू शके.

आता तुमच्या कागदाकडे. अपिलाचा निकाल आहे म्हणजे हा शब्द बहुधा दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 च्या कलम 144 मधला आहे. ते कलम नुसतं वाचण्यापेक्षा एखादा माणूस डोळ्यांपुढे आणा. बाजारपेठेतल्या गाळ्यात शिलाईचं दुकान चालवणारा भाडेकरू. खालच्या कोर्टात मालकाच्या बाजूने हुकूमनामा झाला, दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज) लागली, बेलिफ आला, पंचनामा झाला, दोन शिलाई मशिनं, इस्त्रीचं टेबल आणि कापडाचे गठ्ठे रस्त्यावर आले, शटरला मालकाचं कुलूप लागलं. दाव्याचा खर्चही भाडेकरूने भरला. अडीच वर्षांनी अपिलात तो हुकूमनामा रद्द. आता भाडेकरूला काय मिळायला हवं? कलम म्हणतं की तो हुकूमनामा झालाच नसता तर पक्षकार ज्या स्थितीत असते, त्या स्थितीत त्यांना शक्य तितकं आणून ठेवा. म्हणजे गाळ्याचा ताबा परत. भरलेला खर्च परत. त्यावर व्याज. आणि मधल्या अडीच वर्षांत मालकाने तो गाळा मोबाईलवाल्याला देऊन जे भाडं खाल्लं त्याचा हिशेब. यासाठी नवा दावा लावायचा नाही, अर्ज करायचा. अर्जाने मिळण्याजोगं असेल तर त्यासाठी वेगळा दावा लावायला कलमाच्या दुसऱ्या पोटकलमानेच मनाई आहे. हा सगळा संच म्हणजे रेस्टिट्यूशन. नुकसानभरपाई या संचातला एक जिन्नस आहे. तुम्ही तो जिन्नस सगळ्या संचाच्या नावाला चिकटवलात, एवढीच चूक.

दुसरी गोष्ट मोजमापाची, आणि माझ्या मते खरा फरक तिथेच आहे. नुकसानभरपाई मोजताना आपण गमावणाऱ्याच्या खिशात बघतो: त्याचं किती गेलं? रेस्टिट्यूशन मोजताना बऱ्याचदा घेणाऱ्याच्या खिशात बघावं लागतं: याच्याकडे किती आलं, जे याचं नव्हतं? भारतीय करार अधिनियम, 1872 मध्ये हे दोन्ही शेजारी शेजारी सापडतं. कलम 73 करारभंगाच्या भरपाईचं. तिथे तोटा मोजतात. कलम 65 वेगळं बोलतं: करार निरर्थक असल्याचं उघडकीला आलं किंवा तो पुढे निरर्थक झाला, तर ज्याने त्याखाली काही लाभ घेतला त्याने तो परत करावा किंवा त्याचा मोबदला द्यावा. कलम 72 तर आणखी सरळ आहे. चुकून किंवा दडपणाखाली दिलेले पैसे ज्याने घेतले त्याने परत करायचे. साठेखत करून पाच लाख विसार घेतला आणि पुढे साठेखतच निरर्थक ठरलं, तर पाच लाख परत जाणं हे रेस्टिट्यूशन. त्या जमिनीवर हॉटेल टाकून मी किती कमावलं असतं, हा हिशेब दुसऱ्या खात्यातला.

घेणाऱ्याच्या खिशात बघायचं म्हणजे किती खोल बघायचं, यालाही मर्यादा आहे, आणि ती मला फार आवडते. कोर्टात ज्याला सगळे ‘मीन प्रॉफिट’ म्हणतात (स्पेलिंगमध्ये मध्येच एक मुका ‘एस’ आहे, त्यामुळे नवखे ‘मेस्ने’ म्हणतात) त्याची व्याख्या संहितेच्या कलम 2 मध्ये आहे. बेकायदा ताबा असणाऱ्याला प्रत्यक्ष मिळालेलं, किंवा साधी दक्षता घेतली असती तर मिळू शकलं असतं असं उत्पन्न, व्याजासह. पण त्याने स्वतः सुधारणा केल्यामुळे वाढलेलं उत्पन्न यात धरायचं नाही. म्हणजे तुमच्या रानावर कोणी हक्काशिवाय बसला आणि त्याने ज्वारी काढली, तर ज्वारीचा हिशेब द्यायचा. ज्वारी न काढता रान पडीक ठेवलं तरी सुटका नाही. मात्र त्याने पदरचे पैसे घालून विहीर पाडली आणि ऊस लावला, तर विहिरीमुळे वाढलेली कमाई तुमची होत नाही. ज्याचं त्याला, दोन्ही बाजूंनी.

या ‘ज्याचं त्याला’मागे आणखी एक तत्त्व उभं आहे: कोर्टाच्या कृतीने कोणाचं नुकसान होता कामा नये. सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये साउथ ईस्टर्न कोलफिल्ड्सच्या खटल्यात सांगितलं की रेस्टिट्यूशन कलम 144 मधून जन्मलेलं नाही. आधीपासून असलेल्या न्यायाच्या नियमाला त्या कलमाने फक्त मान्यता दिली. म्हणून निकालात 144 चा उल्लेख नसतानाही हा शब्द आला तर गोंधळून जाऊ नका.

आता मराठी माणसाला हा शब्द ज्या खटल्यामुळे ठाऊक असायला हवा, त्याकडे येतो. डॉ. रखमाबाई. बालपणी लग्न झालेलं, पण त्या सासरी कधी नांदायला गेल्याच नाहीत. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी राहिल्या, वाढल्या, वाचू लागल्या. पती दादाजी भिकाजी यांनी 1884 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. त्या दाव्याचं इंग्रजी नाव ‘रेस्टिट्यूशन ऑफ कॉन्जुगल राइट्स’. 1885 मध्ये न्या. पिन्ही यांनी तो फेटाळला, आणि त्यांच्या विचारातला एक धागा आपल्या धंद्याचा होता. त्यांचं म्हणणं असं की या दाव्याला रेस्टिट्यूशन म्हणणंच चुकीचं आहे. नवराबायको एकत्र राहिले, मग वेगळे झाले, तर पुन्हा एकत्र आणण्याचा दावा समजू शकतो. इथे सहवास कधी सुरूच झाला नाही, मग पूर्ववत काय करायचं? एका बाईचं आयुष्य ‘रे’ या दीड अक्षराच्या उपसर्गावर येऊन टेकलं होतं, असं म्हटलं तरी चालेल.

अपिलात 1886 मध्ये तो मुद्दा टिकला नाही. आधी एकत्र राहिले नसले तरी दावा चालतो असं ठरलं. मार्च 1887 मध्ये न्या. फॅरन यांनी नवऱ्याकडे जा, नाही तर सहा महिने तुरुंग, असा आदेश दिला आणि रखमाबाईंनी तुरुंग पत्करतो म्हणून सांगितलं. टिळक त्यांच्या विरोधात होते. 1888 मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि पुढे सुरत, राजकोटला त्यांनी काम केलं. भाषांतरकार म्हणून मला पिन्हींचा निकाल अजून भुरळ घालतो. कायद्यात ते हरले असतील, शब्दाच्या अर्थात नाही.

तो उपाय आजही हिंदू विवाह अधिनियम, 1955 च्या कलम 9 मध्ये जिवंत आहे. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने 1983 मध्ये सरिता खटल्यात हे कलम घटनाबाह्य ठरवलं होतं, पण 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरोज राणी खटल्यात ते वैध मानलं. इंग्लंडने, जिथून आपण हे घेतलं, 1970 मध्येच ते काढून टाकलं. कागदावर याचं मराठी ‘वैवाहिक हक्कांचे पुनःस्थापन’, पण कौटुंबिक न्यायालयाच्या आवारात असं कोणी बोलत नाही. तिथे ‘नांदायला येण्याचा दावा’ असतो. ‘जाबदार हिने अर्जदाराकडे नांदावयास यावे असा हुकूम व्हावा’, ही विनंती मी शेकड्यांनी टाइप केली असेल. गंमत पुढेच आहे. कलम दोघांनाही सारखंच लागू आहे, पण अर्ज बायकोचा असला की आपलं क्रियापद अडतं. नवरा नांदायला येत नाही, तो नांदवतो. मग मसुद्यात ‘जाबदाराने अर्जदारास नांदवण्यास घेऊन जावे’ असं लिहावं लागतं. इंग्रजी शब्दाला स्त्री-पुरुष कळत नाही. मराठी क्रियापदाला सासर कुठे आहे ते पक्कं माहीत आहे. भाषांतर करताना इथे मी मुद्दाम ‘सहवास पुन्हा सुरू करणे’ असं लिहितो. रुक्ष आहे, पण कोणाच्याही बाजूने झुकत नाही.

आता शेजारचे शब्द, जरा भराभर. रेस्टोरेशन व्यापक आहे: देऊळ, चित्र, जुनी मोटार, वीजपुरवठा, राजसत्ता, काहीही पूर्ववत करणं. त्यात कोणाचा हक्क डावलला गेलेला असण्याची गरज नाही. कोर्टात गैरहजेरीत निकाली निघालेला दावा पुन्हा नंबरावर घेण्याच्या अर्जालाही रेस्टोरेशनचाच अर्ज म्हणतात, त्याला रेस्टिट्यूशन लिहाल तर बाबू हसतील. रेस्टिट्यूशनमध्ये मात्र ‘हे तुझ्याकडे राहायला नको होतं’ असा ठपका किंवा निदान निष्कर्ष असतो. रीइन्स्टेटमेंट नोकरीचं: कामगार न्यायालयाने मागील पगारासह कामावर परत घ्यायला सांगितलं, ते. रिहॅबिलिटेशन म्हणजे पुनर्वसन, आणि कोयनेच्या धरणग्रस्तांना विचारलंत तर ते सांगतील की पुनर्वसनात मूळ जागा परत मिळत नाही, दुसरी मिळते. रिफंड म्हणजे परतावा. हॉटेलने ॲडव्हान्स परत केला तर तिथे रेस्टिट्यूशन म्हणणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत कोट-टाय घालून वाढायला उभं राहणं. आणि कृपा करून ‘रेट्रिब्यूशन’शी गल्लत करू नका. तो शिक्षेचा, सुडाचा शब्द आहे. घाईत वाचताना दोन्ही सारखे दिसतात आणि अर्थ मात्र जवळपास उलटा होतो.

कायदाही कधी कधी ही सीमा पाळत नाही. महाराष्ट्रात 1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 या काळात आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनी परत देण्यासाठी 1974 चा अधिनियम आहे. त्याच्या इंग्रजी नावात ‘रेस्टोरेशन’ आहे. दक्षिण आफ्रिकेत 19 जून 1913 नंतर वंशभेदी कायद्यांनी हिरावलेल्या जमिनींसाठी 1994 मध्ये कायदा झाला, तिथे मात्र ‘रेस्टिट्यूशन’. काम दोन्हींचं मुळात एकच. म्हणून अधिनियमाच्या नावात जो शब्द आहे तो बदलायचा नाही, तुमचं मत काहीही असो.

संग्रहालयांच्या जगात मात्र सीमा फार काटेकोर आहे. युनेस्कोने 1978 मध्ये जी आंतरशासकीय समिती नेमली तिच्या लांबलचक नावात ‘रिटर्न’ आणि ‘रेस्टिट्यूशन’ असे दोन वेगळे शब्द आहेत. मूळ देशाकडे वस्तू जाणं ते रिटर्न. बेकायदा बळकावलेली असेल तर रेस्टिट्यूशन. दुसरा शब्द स्वीकारला की चोरी झाली होती हे स्वीकारल्यासारखं होतं, म्हणून सरकारं पहिल्या शब्दावर अडून बसतात. आपल्याकडे 2024 मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून वाघनखं साताऱ्यात आली तेव्हा सगळीकडे ‘परत आली’ असंच बोललं गेलं. ती तीन वर्षांच्या उसनवारीवर आली आहेत. म्हणजे रेस्टिट्यूशन नाही आणि खऱ्या अर्थाने रिटर्नही नाही. रघुजी भोसल्यांची तलवार 2025 मध्ये राज्य सरकारने लंडनच्या लिलावातून मिळवली, ती खरेदी. दोन्ही बातम्यांच्या इंग्रजी मजकुरात कोणी रेस्टिट्यूशन लिहिलं, तर तो शब्द मी काढायला लावेन. उलट चित्रकार क्लिम्टने काढलेलं आणि नाझींनी लुटलेलं आडेल ब्लोख-बाउअरचं चित्र ऑस्ट्रियाने 2006 मध्ये त्या घराण्याच्या वारस मारिया आल्टमन यांच्याकडे सुपूर्द केलं, तिथे हा शब्द चपखल बसतो, कारण चित्र घराण्याचं होतं आणि ते हिरावलं गेलं होतं.

भौतिकशास्त्रातही हा शब्द आहे, आणि मुलांना शिकवताना मी तिथूनच सुरुवात करतो. चेंडू एक मीटरवरून फरशीवर सोडला आणि तो 64 सेंटिमीटर उसळला, तर त्याचा ‘कोइफिशंट ऑफ रेस्टिट्यूशन’ 0.8. आदळल्यानंतरच्या वेगाला आदळण्यापूर्वीच्या वेगाने भागलं की हा आकडा मिळतो. उंची त्या आकड्याच्या वर्गाप्रमाणे मिळते, म्हणून 0.8 चा वर्ग 0.64. चेंडू दबला, मग त्याने आपला आकार परत घेतला, तो किती पूर्णपणे घेतला याचं हे माप. पूर्ण 1 घरातल्या कुठल्या चेंडूला मिळत नाही. कलम 144 मधला ‘शक्य तितकं’ हा शब्दप्रयोग वाचताना मला नेहमी तो चेंडू आठवतो. गाळा परत मिळाला तरी अडीच वर्षांत तुटलेली गिऱ्हाइकं परत येत नाहीत.

इंग्रजीत वापर कसा करायचा? नाम म्हणूनच वापरा, आणि जोडीला ‘मेक’ किंवा ‘ऑर्डर’ हे क्रियापद. ज्याला द्यायचं त्याच्याआधी ‘टू’, जी वस्तू जाते तिच्याआधी ‘ऑफ’, ज्या कृत्याबद्दल द्यायचं त्याच्याआधी ‘फॉर’. ‘रेस्टिट्यूट’ हे क्रियापद शब्दकोशात आहे, संग्रहालयवाले आणि हल्ली आपल्या तपास यंत्रणांची पत्रकं ‘रेस्टिट्यूटेड’ असं सर्रास लिहितात, पण न्यायालयीन मजकुरात ‘रिस्टोअर’ पुरतं आणि जास्त स्वच्छ दिसतं. उच्चारात जोर ‘ट्यू’वर.

मराठी प्रतिशब्दाचं दुखणं असं की एकच शब्द सगळीकडे चालत नाही. ‘पुनःस्थापन’ अर्थाने सर्वांत जवळ (आणि ‘पुनर्स्थापन’ लिहू नका, ‘स’च्या आधी विसर्ग टिकतो, ‘र’ होत नाही, वर्तमानपत्रांनी कितीही छापलं तरी). ‘प्रत्यास्थापन’ हा हिंदी विधी-परिभाषेतला शब्द मराठी कागदांतही दिसतो, संधी शुद्ध आहे, पण आपल्या सरकारी कचेरीत ‘आस्थापना’ म्हटलं की पगारबिलं आणि सेवापुस्तकं काढणारी शाखा आठवते. एका कारकुनाने मला खरंच विचारलं होतं की हा अर्ज आस्थापनेकडे पाठवायचा का. ‘परतफेड’ कर्जाला चिकटलेला. ‘प्रत्यर्पण’ म्हटलं की फरारी आरोपी विमानातून उतरताना दिसतो. म्हणून मी असं करतो: वस्तू किंवा रक्कम जात असेल तर ‘परत देणे’, माणसाला किंवा पक्षकाराला जुन्या स्थितीत बसवायचं असेल तर ‘पूर्वस्थितीत आणणे’, आणि कलमाचं नाव म्हणून शब्द आला असेल तरच ‘पुनःस्थापन’.

तुम्ही पाठवलेलं वाक्य मी असं लिहीन: ‘प्रतिवादीने सदर हुकूमनाम्याअन्वये मिळालेल्या सर्व रकमा व्याजासह आणि मिळकतीचा ताबा वादीस परत द्यावा, आणि सदर हुकूमनामा झाला नसता तर वादी ज्या स्थितीत असता त्या स्थितीत त्यास शक्य तितके आणावे.’ इंग्रजीपेक्षा लांब झालंय, होऊ द्या. मात्र मूळ निकालात ताब्याचा उल्लेख आहे ना, तेवढं एकदा पाहून घ्या. नुसत्या रकमांचाच असेल तर वाक्यातला ताब्याचा भाग काढा, नाहीतर या वेळी खोडायला समोरचे वकील येतील.